पट्टीवर पट्टी

आमच्या वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, भित्र्या आहेत. हे मी मागून बोलत नाही. त्या स्वतःच नव्या माणसाला आधी तेवढं सांगून टाकतात. दारावरची बेल वाजली की त्यांचा हात छातीशी जातो. कुणी "जरा बोलायचं होतं" म्हटलं तरी त्यांना घाम फुटतो. लग्न जमलं नाही, आईवडिलांचं सगळं त्यांनीच केलं, ते दोघे गेल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या. आणि पन्नाशीला टेकल्यावर, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, चौकातल्या सुपरमार्केटात नोकरीला लागल्या.

काम साधं. तिथे फळ्यांच्या कडेला किमतीच्या पट्ट्या असतात. भाव बदलला की नवी छापील पट्टी यायची आणि दुकान उघडायच्या आत वन्संनी ती जागेवर चिकटवायची. निळा कोट मिळाला होता. तो त्या रोज स्वतः इस्त्री करत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. बोलताना "माझं दुकान" म्हणत.

"ताई, तुझ्या दुकानात साबण फार महाग झालाय," हे चिडवायचे. "मालकीणबाईंनी जरा लक्ष घालावं."

"घालते हं," म्हणून त्या लाजायच्या.

पण भीती तिथेही सुटली नाही. पहिल्याच आठवड्यात जुनी पट्टी खरवडताना फळीला ओरखडा गेला आणि मॅनेजर चार गिऱ्हाइकांदेखत ओरडला. तेव्हापासून वन्संनी जुनी पट्टी काढणंच सोडलं. जुनीवर नवी, त्या नवीवर आणखी नवी. ओरखडा नाही, आरडाओरडा नाही. इतर फळ्यांवर ते खपूनही गेलं. दूध-लोण्याच्या थंड कपाटाला मात्र ओल सुटते. तिथे गोंद धरत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी प्रार्थनेला बसले होते. वन्सं चपला न काढताच आत आल्या आणि माझ्या मागे बसून त्यांनी माझा पदर धरला. त्यांचा हात पाठीला लागत होता, इतका गार की मी दचकले.

"काय झालं?"

"आधी तुमचं आटपू दे, वहिनी."

"असं मागे बसून थरथरायला लागल्यावर काय आटपणार? सांगा."

मग तुकड्यातुकड्यांनी सगळं बाहेर आलं. मागच्या गल्लीतले टेलरकाका बटर घेऊन गेले होते. घरी जाऊन पावती बघतात तो काउंटरवर जास्तीचे पैसे घेतलेले. ते परत आले. फळीवर जो भाव लिहिलाय तोच द्यायचा हा माझा हक्क आहे, वरचे पैसे परत करा, एवढंच त्यांचं म्हणणं. मॅनेजर बघायला गेला तर फळीवर खरंच जुना, कमी भाव होता. आणि नव्या भावाची पट्टी खाली फरशीवर पडलेली.

"मग?" मी विचारलं.

"मग साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, सकाळी नवी पट्टी लावली होती ना? मी म्हटलं, हो. तर म्हणाले, म्हणजे यांनीच ओढून काढली, नाही का? आणि माझ्याकडे बघितलं."

"तुम्ही काय म्हणालात?"

वन्सं खाली बघत म्हणाल्या, "मी मान हलवली."

टेलरकाकांना रखवालदाराने मागच्या खोलीत नेऊन बसवलं. त्यांच्या मुलीला सासरी फोन गेला, तुमचे वडील लबाडी करताना सापडलेत, येऊन घेऊन जा. पण सुटल्यावर काका घरी गेले नाहीत. सरळ ग्राहक तक्रार कार्यालयात गेले. आता तिथल्या बाई सकाळी चौकशीला येणार होत्या. मॅनेजरने वन्संना निघताना गाठलं होतं. आज जे सांगितलंत तेच उद्या सांगायचं. नाहीतर कोट काढून ठेवायचा. आणि पट्टी टेलरकाकांनीच काढली असं ठरलं, तर तो त्यांच्यावर पोलिसात तक्रार देणार होता.

"नुसती मान हलवलीत," मी म्हटलं, "बोललात कुठे काही?"

असं म्हणून मी पुन्हा देवाकडे तोंड केलं, पण माझे हात काही जोडले जाईनात.

रात्री जेवणाला कुणीच नीट बसलं नाही. हे म्हणाले, "उद्या जाऊच नकोस. ताप आलाय म्हणून कळवतो मी."

"मी नाही गेले तर साहेबांचंच खरं होईल," वन्सं म्हणाल्या.

"मग जा आणि सांग खरं काय ते."

"नोकरी जाईल रे."

"अगं, मग तुला करायचंय तरी काय?"

"मला भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. "तेवढंच कळतंय."

सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. रस्ताभर त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. दुकानात मी गिऱ्हाइकासारखी टोपली उचलली आणि थंड कपाटाजवळ उगाच दह्याचे डबे उलटेपालटे करत राहिले. मॅनेजर, टेलरकाका आणि कार्यालयातल्या बाई तिथेच उभे होते. काका रात्रभर झोपले नसावेत. हातातल्या पावतीची घडी घालून घालून ती चिंधीसारखी झाली होती.

बाई मॅनेजरला सांगत होत्या, "बिलाच्या मशीनवर जास्त आणि फळीवर कमी, तर गिऱ्हाईक कमीच देणार. त्यासाठी त्याने हातापाया पडायची गरज नाही."

"मान्य आहे मॅडम. पण भाव खरा असेल तर ना. आमच्या बाईंनी नवी पट्टी लावली होती. विचारा त्यांना."

सगळे वन्संकडे वळले. वन्संचा चेहरा पांढराफटक पडला.

"बोला की," मॅनेजर म्हणाला. "काल सांगितलंत तसं."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते आणि खरं सांगायचं तर काय मागावं ते मला सुचत नव्हतं. वन्सं एक पाऊल पुढे गेल्या. मला वाटलं आता पडतात. पण त्यांनी कपाटाची कड धरली आणि चीजखालच्या पट्टीवर अंगठा टेकवून बाजूला सरकवला. पट्टी अल्लाद सुटून हातात आली. खाली दुसरी होती, जुन्या भावाची. तीही सरकवली. खाली तिसरी.

"मीच," वन्संच्या तोंडून निघालं. "मी काढत नाही जुन्या. ओलीने पडतात. यांनी काही केलं नाही."

बाईंनी पुढच्या पट्टीला स्वतः बोट लावलं. तीही आली. मॅनेजरकडे न बघता त्या म्हणाल्या, "यांचे पैसे आत्ता द्या. आणि ही वस्तू ज्यांनी ज्यांनी नेली त्यांना वरचे पैसे परत मिळतील अशी पाटी दारावर लावा. पोलिसांचं काय म्हणत होतात?"

"ते तसं काही नाही, मॅडम."

टेलरकाकांनी पैसे घेतले. वन्संना वाटलं असेल की ते दोन बरे शब्द बोलतील. ते म्हणाले, "कालच तोंड उघडलं असतंत तर?" आणि निघून गेले.

दिवसभर वन्संनी गरम पाण्याच्या फडक्याने सगळ्या पट्ट्या सोडवल्या. संध्याकाळी मी घ्यायला गेले तेव्हा त्यांची नखं पांढरी झाली होती.

"काढलं का कामावरून?"

"उद्या या म्हणाले. ठेवायचं का ते उद्या बघू म्हणाले." मग म्हणाल्या, "मागच्या गल्लीतून जाऊ या का?"

टेलरकाका मशीनवर होते. वन्सं उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. साडीचा काठ चिमटीत घट्ट धरलेला.

"आता काय राहिलं?" काकांनी विचारलं.

"तुमच्या मुलीला काय माहीत आहे?"

काकांनी मशीन थांबवलं. "बाप पट्ट्या ओढून काढतो, एवढं माहीत आहे. मी सांगून बघितलं. हो बाबा, हो बाबा म्हणते. म्हाताऱ्याची समजूत घालतात तसं."

"फोन लावून द्याल?"

"तुम्ही बोलणार?"

"लावा. उशीर केलात तर माझ्याच्याने होणार नाही."

त्यांनी नंबर लावून दिला. वन्संनी डोळे मिटले. "मी दुकानातली पट्ट्या लावणारी बोलतेय," त्या म्हणाल्या. "तुमच्या वडिलांनी काही केलं नाही. चूक माझी होती, आणि काल मी खोटी मान हलवली."

पलीकडून मुलीचा बारीक आवाज आला, "पुन्हा एकदा सांगा. मी यांनाही ऐकवते."

वन्संनी भिंतीला हात टेकला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.