फ्लॉपीला लावलेलं कुंकू
खंडेनवमीला विळीची पूजा करताना वल्या हळदीचा वास आला, की सांगलीतली ती खंडेनवमी आठवती. माजी लेक तवा एका हापिसात वेबसाईट बनवायची. विट्याच्या एका सोनं गाळणाऱ्याचं दोन म्हयन्याचं काम तिनं फ्लॉपीवर घरी आणलं हुतं. हापिसातल्या कंप्युटरात जागा न्हाई म्हणून तिथलं पुसलं हुतं. दुपारी त्यो गडी बघायला येणार हुता. लेक न्हायला गेली, तवा मला वाटलं, ह्येच हिचं हत्यार. मी फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवली अन् आतल्या काळ्या चकतीला वलं हळद-कुंकू लावलं. दुपारी डबा घेऊन हापिसात गेले, तर फ्लॉपी उघडतच नव्हती. सायेब लेकीला म्हणाला, "काम दोन जागी ठेवायचं, पैल्याच दिवशी सांगितलं हुतं. उद्यापास्नं येऊ नगंस." वाटंत फ्लॉपीची झडप सरकवून लेक मला म्हणाली, "बाबा गेल्यापास्नं तुज्या कपाळाला लावता येत न्हाई, म्हणून माज्या फ्लॉपीला लावलंस व्हय गं?" मी डबा तसाच घरी आणला. आता ती नातीला कंप्युटर शिकवती. म्हणती, "काम दोन जागी ठेव, अन् आजीच्या हाताला लागू देऊ नगंस." मी ऐकती, अन् विळीला कुंकू लावती.