आवराआवरीत गेलेला थोरला

असले अनुभव मी आजवर चहा पिता पिता वाचले आणि हसून सोडून दिले. भुताखेतांवर विश्वास नाही, उपासतापास नाही, मांजर आडवं गेलं तर मी त्याला दूध घालणारी बाई. तेव्हा हे वाचून कुणी मला वेडी म्हणालं तर राग नाही. पण घरात सांगायला मला तोंड नाही... म्हणून इथे लिहितेय.

आम्ही विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहतो, दुसऱ्या मजल्यावर, वन बीएचके. मी, नवरा नितीन, मुलगा आणि सासूबाई. त्यांना मी आई म्हणते. गेल्या वर्षी मला अचानक धडधड सुरू झाली. माणिकपूरला ऑफिसात बसलेय, समोर साधा ईमेल, आणि हात गार. रिक्षात रडू यायचं, कारण विचाराल तर काही नाही. शेवटी एका समुपदेशक बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, घर फार भरलंय का? एकेक कोपरा मोकळा करत जा, जिवाला बरं वाटेल. मी निघाले तेव्हा दारात थांबवून पुन्हा म्हणाल्या, मात्र स्वतःच्याच वस्तू हं, दुसऱ्याच्या असतील तर विचारून.

पहिलं ऐकलं. दुसरं सोयीस्कर विसरले.

आई तेव्हा चिपळूणला माझ्या नणंदेकडे, वैशालीकडे, गेल्या होत्या. म्हटलं, हीच वेळ. माळ्यावरचे खोके, बंद पडलेला मिक्सर, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांची उतरंड, कुणाकुणाच्या लग्नात मिळालेले आहेर... गोण्याच्या गोण्या काढल्या. आणि खोटं कशाला बोलू, फरक पडला. रिकाम्या ओट्यावरून नुसता हात फिरवला तरी श्वास मोकळा व्हायचा. झोप लागायला लागली. घर आवरल्याने माणूस सावरतो, हे मी आजही शपथेवर सांगेन.

मग ओट्याखाली तो वरवंटा दिसला. पाटा कधीच तडकून गेलेला, हा एकटा उरलेला. आमच्याकडे बारशाला आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवतात, मग बाळाला. आईंचं पहिलं मूल बारशाआधीच गेलं होतं. पुढे नितीनच्या बारशाला त्यांनी ह्या वरवंट्याला कुंची घातली, आणि तेव्हापासून त्याला ‘थोरला’ म्हणायला लागल्या. सणासुदीला त्याला तेल लावायचं, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं. हे सगळं मला माहीत होतं हो. तरी मी म्हटलं, दगड तो दगड. खाली नेऊन वॉचमनच्या हातात दिला, टाक कुठेतरी म्हणाले. फडकं लादी पुसायला घेतलं.

थोड्याच दिवसांत वैशालीचा फोन आला, आवाज खाली. आईचं कंट्रोल गेलंय वाटतं, म्हणाली. रोज सकाळी लुगडं ओलं होतं. एकदा तर पाहुण्यांसमोर झालं. डॉक्टरांनी लघवी तपासली, शुगर तपासली, काही निघालं नाही. शेवटी तिने डायपर आणले. आई म्हणते डायपर कोरडाच असतो, पण ह्या वयात तिचं काय खरं धरायचं.

ऐकून माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? लाज वाटते लिहायला. आलं की आता हे माझ्या गळ्यात पडणार... माझ्या ह्या आवरलेल्या घरात.

मग आई फोनवर आल्या. इकडचं-तिकडचं बोलल्या, आणि वैशाली आत गेल्याची खात्री करून हळूच म्हणाल्या, “ओलं खालून नाही गं होत, वरून होतं. भिजलेलं पोर मांडीवर येऊन बसावं ना, तसं. आधी मांडी जड होते, मग गार पाणी.”

मी म्हटलं, ह्या वयात असं होतं, आई. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, काल मात्र काही झालं नाही, काल दिवसभर कोरडी होते.

फोन ठेवला आणि विसरले. दुसऱ्या दिवशी रजा होती. एरवी पाण्याचा टँकर मी ऑफिसला गेल्यावर येतो, त्या दिवशी खिडकीतून दिसला. आमचं कंपाउंड उतरतं आहे, त्यामुळे चाकामागे दगड लावतात. तो दगड म्हणजे आमचा वरवंटा. वर पाइपचा जोड गळत होता, आणि धार थेट त्याच्यावर.

तशीच गाउनवर खाली धावले. वॉचमन म्हणाला, तुम्ही दिलात तेव्हापासून हाच लावतो, बरोबर मापाचा आहे. मी विचारलं, परवा? म्हणाला, परवा टँकर आलाच कुठे, तुम्हीच तर सेक्रेटरींशी भांडलात ना.

परवा. म्हणजे आईंचा तो कोरडा दिवस.

वरवंटा वर आणला, माझ्या ओढणीने पुसला, तिच्यातच गुंडाळून जागेवर ठेवला. त्यानंतर आईंचं लुगडं एकदाही ओलं झालं नाही. वैशाली म्हणाली, बघ, डायपरचा गुण.

मी खूप डोकं चालवून पाहिलं. योगायोग म्हणावा, तर एखादा दिवस जुळेल, सगळेच कसे जुळतील? पाइप विरारला गळतो आणि मांडी चिपळूणला भिजते... ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

पण मला खातंय ते वेगळंच आहे. महिन्याभराने आई परत आल्या. सोफ्यावर बसायच्या आधी त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचा तुकडा काढला, नीट अंथरला आणि मग त्याच्यावर बसल्या. म्हणाल्या, “किती छान केलंयस गं घर. माझ्यामुळे खराब नको व्हायला.”

मी चहा टाकायच्या निमित्ताने आत पळाले. ओट्याखालची ओढणी त्यांनी नंतर पाहिली, पण विचारलं काहीच नाही.

आई, तुमचा काही दोष नव्हता, एवढंच म्हणायचंय. पण ते म्हटलं की पुढचंही सांगावं लागेल. अजून जीभ रेटत नाही. त्या आजही बसण्याआधी प्लास्टिक अंथरतात, आणि संध्याकाळी मी ते कोरडं प्लास्टिक पुसून, घडी घालून त्यांच्या उशाशी ठेवते.