खरवडायला वेळ मिळाला नाही तेव्हा

सुमनअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाण्याची यादी करत होते. यादी पुरी केली आणि मगच रडले. अक्काला ते पटलं असतं… "आधी हातातलं संपव व माय," हे तिचंच वाक्य.

जळगावच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची आणि पीएच.डी.साठी आतड्याच्या अस्तराच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायला बघायची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याची, तिची सहायक. सोमवारी घरून परतताना पोल्ट्रीतली उबवणीची अंडी मांडीवर टोपलीत घेऊन एसटीत बसायचे, कारण आतल्या पिल्लाच्या आतड्याचं अस्तर आम्हाला लागे. कंडक्टर ओरडायचा, "ताई, आमलेट कुठं उतरवू?"

पेशी मात्र दोन दिवसांत गोल होऊन मरायच्या. अक्का चोपड्याकडच्या केळीवाल्या घरातली. कंद लावण्याआधी मुळ्या छाटायच्या, माती झाडायची, स्वच्छ सोलून घ्यायचा, हे तिच्या हातात मुरलेलं. म्हणून अस्तराखाली चिकटलेला मऊ थरही ती निगुतीनं खरवडून टाकायची. मग सूक्ष्मदर्शकातून मान वर काढून म्हणायची, "बठ्ठं मरी गयं." पुण्याच्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं, या सत्रात पेशी वाढल्या नाहीत तर विषय सोडा, नाहीतर पुण्याला या. तिला विषयही सोडायचा नव्हता आणि जळगावही.

एका सोमवारी बस पारोळ्याला बंद पडली. मी पोचले तेव्हा वीज जायची वेळ झालेली. अक्का वैतागली, "खरवडणं राहू दे. बारीक कर अन् टाक बशीत!"

दोन दिवसांनी ती जिन्यातूनच ओरडली, "मंदे, जित्तं शे व!" पेशी एकमेकींना बिलगून फरशीसारख्या पसरल्या होत्या. योगायोग नको म्हणून खरवडलेल्या आणि न खरवडलेल्या अस्तराच्या बश्या मी शेजारी शेजारी ठेवायला लावल्या. पुन्हा पुन्हा तेच झालं.

"आपण बिचारीला घासूनपुसून उघड्या माळावर सोडत होतो," अक्का हसत सुटली. "आता वाढ, आता थांब, हे सांगायला खालच्या थरातलं कोणी नको का तिला?"

हे कळवल्यावर मार्गदर्शकांचं उत्तर एका ओळीचं आलं : विषय सोडू नका. त्या संध्याकाळी अक्कानं साऱ्या स्टाफरूमला शेवभाजी खाऊ घातली. इतकी तिखट, की प्राचार्यांचे डोळे वाहिले आणि त्यांना वाटलं लोक समजतील आनंदाश्रू… तसंच समजले!

मागच्या आठवड्यात तिच्या घरी जाऊन आले. आवरण्याच्या कामांची यादी नेली होती. अंगणात केळीचं बेट माजलंय. बाकीचे लोक आईझाडाभोवतीची जादा पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटलेली रोपं, काढून टाकतात. अक्कानं त्या सोमवारनंतर एकही काढू दिलं नाही.

"नळापर्यंत जाता येत नाही," तिचे यजमान कुरकुरले, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो. "तुझ्या यादीत आहे ना हे तोडणं?"

होतं. मी पेन काढलं आणि तेवढ्या ओळीवर काट मारली.

"मग पाणी कसं भरू?" भाऊ म्हणाले.

"वाकून जायचं, भाऊ. अक्का तशीच जायची."

ते पुटपुटत वाकले आणि बादली घेऊन हिरव्या पानांत शिरले.