हनुवटीबाईचं स्टूल

माझ्या थोरल्या आत्याला प्रसूती विभागात सगळे हनुवटीबाई म्हणत. बावीस वर्षं ती तिथे बिनपगारी राबली, आणि एवढ्या काळात तिच्या पसंतीला उतरलेला मोठा माणूस तिथे एकही निघाला नाही. लहानांचं बरं होतं, ती निदान शिकत.

नव्या आयांना अंगावर पाजायला शिकवणं हे तिचं काम. "हनुवटी आधी टेकव. नाक मोकळं ठेव. आणि वाकतेस काय, पेटीत पत्र टाकायचंय का? बाळाला वर आण."

एकदा एका सासूबाईंनी सुस्कारा सोडला, "हिला दूधच नाही हो."

"तुम्ही जरा बाहेर उभ्या राहा," आत्या म्हणाली, "येईल."

आलं.

तिचं हत्यार म्हणजे घरून आणलेलं एक बिनहाताचं लाकडी स्टूल, खुर्चीपेक्षा चार बोटं बुटकं. त्यावर बसलं की पाय टेकतात, मांडी वर येते आणि बाळ आपसूक छातीशी पोचतं. त्याचा एक पाय आखूड होता. आत्याने त्याला जप्त केलेल्या दुधाच्या बाटलीचं निपल चढवलं होतं. त्या वस्तूचा तेवढाच उपयोग, असं तिचं मत.

गेल्या वर्षी इस्पितळाला रंग लागला. "आता मोबाइलवर व्हिडिओ आहेत," असं सांगून स्वयंसेविकांना घरी पाठवलं आणि त्या धांदलीत स्टूलही गेलं. यंदा पत्र आलं, 'माजी स्वयंसेविकांचा गौरव सोहळा'.

"माजी म्हणे. आम्ही सोडलं होतं का? यांनी काढलं."

"मग जाऊ नकोस."

"जाणार तर. गौरव गेला खड्ड्यात, माझं स्टूल तिथेच आहे कुठेतरी. नर्स सांगत होती, पोरी पलंगावर वाकून वाकून पाठी मोडून घेतायत."

मी सोबतीला गेले. संचालकसाहेब चाळीस मिनिटं बोलले. 'मातृत्वाचं अमृत' झालं, 'ते पवित्र कार्य' झालं, 'निसर्गाचं वरदान' दोनदा झालं. दूध हा शब्द काही तोंडातून निघेना.

"याला पाजलंय की नाही कुणी, कोण जाणे," आत्या पुटपुटली. तेवढ्यात तिची नजर स्टेजवर खिळली. साहेबांच्या शेजारी जांभळ्या सॅटिनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं, त्यावर मोठी फुलदाणी. सॅटिनच्या खालून एक पाय डोकावत होता. पायात निपल.

तिचं नाव पुकारलं गेलं. साहेबांनी तिच्या हातात काचेचं मानचिन्ह ठेवलं आणि हसून म्हणाले, "बाई, दोन शब्द बोला."

"दोनच बोलते," आत्या माइकवर म्हणाली. "फुलदाणी उचला."

साहेबांनी उचलली. आता वाटतं, हुकूम ऐकायची त्यांना जुनी सवय असावी. आत्याने सॅटिन काढून घडी घातली, खुर्चीवर ठेवली, मानचिन्ह माझ्याकडे फेकल्यासारखं दिलं आणि स्टूल काखेत मारून चालू लागली. फुलदाणी ठेवायला जागाच उरली नाही. पुढचे सहा गौरव साहेबांनी ती छातीशी धरूनच केले. धरलीही चुकीची, वाकून.

मी वॉर्डात पोचले तेव्हा नर्सने कोपऱ्यातली जुनी खोली उघडून दिली होती. एक रडवेली पोर स्टुलावर बसली होती आणि बाळ चुपुचुपु पीत होतं. दार मात्र वाऱ्याने सारखं आपटत होतं आणि दर आवाजाला बाळ दचकत होतं.

"आत्या, हे मानचिन्ह कुठे ठेवू?"

तिने ते हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला. दिवसभरात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"दाराला लाव," ती म्हणाली.