उसवबाईंची बोटं

कपड्यांच्या कारखान्यात सासूबाईंना सगळे उसवबाई म्हणत. तयार माल तपासायचं त्यांचं काम. शर्टाची शिवण बोटांखालून सरकवायच्या आणि एक टाका जरी तिरका लागला, तरी कपडा परत ढकलून एकच शब्द बोलायच्या, "उसव." शिवणाऱ्या बाया मागे नाकं मुरडायच्या. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या मालाबद्दल कधी कुणाची तक्रार आली नाही.

अशा घरात सून आली ती नेमकी कपडे दुरुस्त करून देणारी. लग्न होऊन आठवडा झाला नव्हता, तेव्हा तिने नवऱ्याच्या पँटच्या गुडघ्याला ठिगळ लावलं. सासूबाईंनी ते उजेडात धरलं, काठावरून बोट फिरवलं आणि काय म्हणाल्या ते सांगायला नकोच. तेव्हापासून सून त्यांच्यासमोर सुई म्हणून हातात घेईना. त्या कारखान्यात गेल्या की हिचं मशीन सुरू.

पुढे सासूबाई निवृत्त झाल्या आणि काही वर्षांनी त्यांची आठवण विरत चालली. आधी चष्मा हरवायचा, मग शब्द हरवू लागले, मग माणसं. मुलाला त्या आपला थोरला भाऊ समजून "दादा" म्हणू लागल्या. सून कोण, हे तर त्यांना अजिबातच उमगेना. बोटं मात्र काही विसरली नव्हती. दिवसभर गाऊनच्या शिवणी चाचपायची आणि सैल दोरा सापडला की ओढत बसायची. मांडीवर हात टेकायचे, तिथेच दर गाऊनला भोक.

"काही ठिकाणी हात बांधून ठेवतात म्हणे," नवरा एकदा खाली बघत म्हणाला.

"आपल्याकडे नाही बांधायचे," ती म्हणाली. "बघते मी काय करायचं ते."

तिने भोकावर ठिगळ लावलं, कडा दुमडून, बारीक टाके घालून. संध्याकाळपर्यंत ते निघून हातात आलं. मग मशीनवर शिवलं, तर नखाला दोऱ्याचं टोक सापडलं आणि पुन्हा तेच. ती रडकुंडीला आली. पण दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता तिचं लक्ष गेलं. सासूबाईंना फाडायचं नव्हतंच. बोट काठावरून सावकाश चालत होतं. शिवण नीट असेल तोवर पुढे जायचं, खोट लागली की थांबायचं आणि तिथेच उसवायला घ्यायचं.

"अगं बाई," ती पुटपुटली, "या तर अजून कामावरच आहेत!"

भाजी तशीच ठेवून ती उठली. निळ्या जाड कापडाचं चौकोनी ठिगळ कापलं, कडा आत दुमडल्या, कच्चा धावदोरा घालून ते गाऊनवर बसवलं. मग जाड पिवळा दोरा ओवला आणि, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सासूबाईंच्या शेजारी बसून काजटाका घालायला लागली. प्रत्येक टाक्यात दोऱ्याचा फास सुईखाली धरायचा, मग ओढायचं, की काठावर एक टपोरी गाठ बसते. गाठीला गाठ लागून चारी बाजूंनी पिवळी कड उमटली.

गाऊन अंगात घातल्यावर बोटं तिथे आलीच. एक बाजू झाली, दुसरी झाली. तिसऱ्या कोपऱ्यात बोट थांबलं. सुनेचा जीव टांगणीला लागला.

"इथे दोरा ओढलाय," सासूबाई म्हणाल्या. "कापड रुसलंय बघ."

कित्येक महिन्यांत त्या एवढं सलग बोलल्या नव्हत्या. सून चटकन जवळ सरकली, "मग काय करू?"

"काय करू काय? उसव! कोपऱ्याला तीन टाके एकाच भोकातून काढायचे, पंख्यासारखे. घाई कुणाला आहे?"

त्या शब्दाने एकेकाळी तिचा घास कडू व्हायचा. आज ती हसत, डोळे पुसत त्यांच्या पायाशी बसली आणि अंगातल्या गाऊनवरच तो कोपरा उसवून पुन्हा घातला. बोटं परत चारी बाजू फिरून आली.

"जाऊ दे पुढे," उसवबाई म्हणाल्या.

त्यानंतर गाऊन फाटायचे थांबले. सून पानाच्या, माशाच्या आकाराची ठिगळं कापायची, रंगीत दोऱ्यांनी कड भरायची, आणि सासूबाईंची दुपार त्यात शांत जायची. दवाखान्यात भेटलेल्या एका बाईचे वडील शर्टाची बटणं तोडत बसत, तर त्यांच्यासाठीही असंच एक ठिगळ करून दिलं. अर्थात, तपासून घेऊनच.

एका दुपारी सासूबाई तिच्या हाताकडे कौतुकाने बघत होत्या. "चांगलं शिवतेस गं पोरी. कुठे शिकलीस?"

"सासूबाईंकडे."

"हो? छळते का तुला?"

तिने दोरा दातांनी तोडला. "छळायच्या. आता नाही छळत."

"मग सुधारली म्हणायची," उसवबाई म्हणाल्या आणि पुढच्या काठावर बोट टेकवलं.