डबा म्हणतो, आईला ऐकू येतं

माझ्या धाकट्या भावाला लोक 'कानवाले' म्हणतात. कमी ऐकू येणाऱ्यांना तो कानातली मशिनं बसवून देतो, दुरुस्त करतो आणि ज्याला जेवढं कमी ऐकू येतं त्या हिशेबाने त्यांचा आवाज जुळवून देतो. हे काम तो ज्या कॉम्प्युटरवर करतो, तो बघितल्यावर नवा माणूस आधी बाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचतो. पिवळट पडलेला डबा, मागे पोट सुटलेला स्क्रीन, आणि सुरू केला की पंख्याची अशी घरघर की कान तपासायच्या खोलीत कानठळ्या बसाव्यात.

हा डबा बदलत का नाहीस, असं त्याला कधी विचारू नये. मी विचारलंय, म्हणून सांगते. जुनी मशिनं वायरीने कॉम्प्युटरला जोडावी लागतात. ती वायर ज्या खोबणीत बसते ती खोबण नव्या कॉम्प्युटरला नसते. आवाज जुळवणारा प्रोग्रॅम जुन्या सिस्टीमशिवाय उघडत नाही आणि तो लिहिणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली. नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुनी सिस्टीम चालवायचा प्रयोगही त्याने करून पाहिला. सिस्टीम चालली, प्रोग्रॅम उघडला, वायरीला मात्र कोणी ओळख दाखवेना. हे तो अशा सुरात सांगतो की घरातलं कोणी गेलंय असं वाटावं.

त्यामुळे डबा तळहाताच्या फोडासारखा जपला जातो. इंटरनेटची वायर त्याच्या आसपास फिरकू द्यायची नाही. भंगारवाल्याकडून त्याच जातीचे आणखी दोन डबे आणून पलंगाखाली ठेवलेत. एकाची मेमरी काढ, दुसऱ्याचा पंखा काढ, असं अवयवदान बारा महिने चालू असतं. हार्ड डिस्कच्या नकला तर विचारूच नका. माझी भावजय म्हणते, "आमच्या लग्नाचे फोटो कुठे आहेत ते यांना सांगता यायचं नाही, पण डिस्कची तिसरी नक्कल कुठल्या खणात आहे ते झोपेत सांगतील."

त्याचा लोकांना उपयोग आहे, हे खरं. बाकीच्या दुकानांनी "हे मॉडेल बंद झालं, नवं घ्या" म्हणून हात जोडलेली म्हातारी माणसं शोधत शोधत याच्याकडे येतात आणि ऐकत परत जातात. हे मी मान्य करते, पण त्याच्यासमोर नाही. आधीच त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं असतं.

आमची आई त्याच्याकडे राहते. तिच्या कानातली मशिनंही त्याच जुन्या पिढीची, त्याच डब्यावर जुळवलेली. आणि नेमका तिथेच दिव्याखाली अंधार.

आईला ऐकू येत नाही, असं मी कधीची म्हणत होते. "डॉक्टरकडे कधी जायचंय?" म्हणून विचारावं, तर ती म्हणायची, "हो, छान झालंय." पाठमोरी असली की हाका मारून मारून माझा घसा बसायचा. नवी मशिनं बसव, असं मी भावाला सांगितलं, तर तो दुखावला. आईसाठी नव्हे, डब्यासाठी.

"ताई, तुझ्या बोलण्याला काही आधार? मी दर महिन्याला तिची चाचणी घेतो. पैकीच्या पैकी! आणि नवी मशिनं म्हणजे नुसता भपका. चार वर्षांत कंपनीच म्हणते, फेकून द्या."

"मग मी बोलते तेव्हा ती उत्तर का देत नाही?"

"तुझं बोलणं न ऐकणं हा काही आजार नाही."

भावजय तोंडाला पदर लावून हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्याची चाचणी अशी. प्रोग्रॅममध्ये एका बाईच्या आवाजात शब्द भरलेले आहेत. भाऊ बटण दाबतो, स्पीकरमधून बाई शब्द बोलते, आईने तो परत म्हणायचा. बरोबर आला की भाऊ माऊसने तशी खूण करतो आणि स्क्रीनवर हिरवा चौकोन उगवतो. शब्द वर्षानुवर्षं तेच, क्रमही तोच. नवे भरायचे तर ती गाशा गुंडाळलेली कंपनी शोधून आणायला हवी.

मागच्या महिन्यात त्याने मला मुद्दाम बोलावून घेतलं. "समोर बस आणि बघ. मग पुन्हा कटकट नको."

मी बसले. पंखा घरघरू लागला. भावाने बटण दाबलं.

"कपाट," आई म्हणाली.

हिरवा चौकोन. पुन्हा बटण.

"चमचा."

"दोरी."

"पाटी."

आई वर्गातल्या हुशार मुलीसारखी भराभर उत्तरं देत होती. एकेक चौकोन उगवला की भाऊ माझ्याकडे वळून भुवया उडवत होता. मला मात्र सारखं चुकल्या-चुकल्यासारखं वाटत होतं. "खिडकी" आलं तेव्हा कुठे ध्यानात आलं. बाई बोलतच नव्हती.

पहिल्यापासून स्पीकरमधून एक शब्द बाहेर पडला नव्हता. भावाला सगळे शब्द इतके पाठ की बाई बोलली काय, न बोलली काय, त्याचे डोळे चौकोनांवर. आणि आईचे डोळे त्याच्या बोटावर. बोट खाली गेलं की ती पुढचा शब्द म्हणत होती.

"थांब जरा," मी म्हटलं. "आवाज कुठाय?"

त्याने स्पीकरला कान लावला. त्याचा चेहरा उजळला. खोटं नाही सांगत, उजळला.

"साउंड कार्ड गेलं वाटतं! आहे माझ्याकडे एक." असं म्हणून स्क्रू ड्रायव्हर घेऊन तो टेबलाखाली शिरलासुद्धा.

"अरे गाढवा, कार्ड मरू दे! आवाजच नव्हता तर आईने ऐकलं काय?"

टेबलाखाली सगळं थांबलं. मग डोकं आपटल्याचा आवाज आला आणि भाऊ टाळू चोळत बाहेर आला. स्क्रीनवरचे चौकोन अजून हिरवेगार होते.

"झालं?" आईने विचारलं. "पास ना मी?"

माझे ओठ दिसतील अशी मी तिच्यासमोर बसले आणि सावकाश विचारलं, "आई, हे शब्द पाठ कधी केलेस?"

तिने आधी भावाकडे बघून घेतलं. "आता कुठलं आठवायला! ऐकू येत होतं थोडंफार, तेव्हाच केले. एकदा दोन-तीन चुकले, तर हा त्या डब्याचं झाकण उघडून बसला. जेवायला उठेना. म्हटलं, त्यापेक्षा पाठ केलेले बरे." मग त्यालाच म्हणाली, "पास झाले की किती खूश व्हायचास रे तू."

मला दोघांचाही भयंकर राग आला. जुना कॉम्प्युटर माणसांच्या उपयोगी ठेवता ठेवता या पठ्ठ्याने स्वतःच्या आईला कॉम्प्युटरची मर्जी राखायला लावलं होतं, आणि ती माउली ते हौसेने करत होती.

भावाने डबा बंद केला. आठवडाभरात नवी मशिनं आली, ती जुळवायला नवा लॅपटॉप आला. जित्याची खोड कुठली जायला? लॅपटॉप सुरू होताच अपडेट मागायला लागला, तेव्हा माझ्याकडे बघून "बघ, बघ" म्हणालाच. पण आईच्या कानात मशिनं घालायच्या आधी ती त्याने स्वतःच्या कानाला लावून दोन-दोनदा तपासली, ते मला दिसलं. मला वाईट वाटलं त्याचं.

मग तो आईच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला.

"आई, ऐकू येतंय?"

आई दचकली. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, कोणी परका माणूस आलाय का म्हणून.

"तू बोललास?"

"मीच."

"अगं बाई! आवाज केवढा म्हातारा झालाय रे तुझा!"

मी हसायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. वायर, खोबण आणि सिस्टीम यांवर तास तास व्याख्यान देणारा माझा भाऊ, त्याला एक शब्द सुचेना.

"आणि माझा गं?" शेवटी मीच विचारलं.

"तुझा आहे तसाच आहे. तू ओरडायचीस ना, तेवढा यायचा." एवढं बोलून ती पुन्हा त्याच्याकडे वळली. "तू बोल की रे. गप्प का झालास? आता येतंय ना ऐकू."