डब्यात निघालेली तीन तिकिटं
कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास आला आणि आमगावची ती दुपार आठवली. आमचा टपाल तिकिटं जमवणाऱ्या सात जणांचा क्लब दर रविवारी एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या घरी जमायचा. सगळ्यांच्या अल्बमना हाच वास असायचा. त्या रविवारी मास्तरांचं सगळ्यात जुनं तिकीट गायब झालं. ते ओरडले नाहीत. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा त्यांनी आतल्या खोलीत ठेवला आणि म्हणाले, "आपापला अल्बम घेऊन एकेकानं आत जा, दार लावा. घेतलं असंल त्यानं डब्यात टाका. नसंल घेतलं तरी झाकण वाजवून या. मी कोनाले काही विचारनार नाही." एकेक जण आत जाऊ लागला. बाहेर पंखा करकरत होता, कोणी कोणाकडे बघत नव्हतं आणि दर खेपेला दाराआडून झाकण वाजायचं. एक जण आत फारच वेळ थांबला. "काऊन एवढा टाइम लावून राहिला तो?" माझ्या शेजारचा पुटपुटला. त्याच्याही कपाळावर घाम होता. शेवटी मास्तरांनी डबा सर्वांसमोर उघडला, तर आत तीन तिकिटं. तिन्ही आमच्यापैकीच कोणाकोणाची, हरवली म्हणून कधीच सोडून दिलेली. मास्तरांचं मात्र त्यात नव्हतंच. त्यांनी झाकण सावकाश लावलं. "तिघांनी तर कबूल केलं," ते म्हणाले, "चौथा अजून इथंच बसून हाये." त्यानंतर क्लब कधी जमला नाही. चौथा कोणी नव्हताच. आतल्या खोलीत माझ्या हातात दोन तिकिटं होती, त्यातलं एकच डब्यात सुटलं. दुसरं, मास्तरांचं, याच कपाटात आहे.